वाण्याच्या वहीची कुळकथा

कोल्हापूरच्या शाहूपुरीत अडत्यांनी ज्या वह्यांत गुळाचा हिशेब मांडला, त्यांचे कूळ शोधायचे तर खेड्यातल्या वाण्याच्या गादीपाशी जावे लागते. एकोणिसाव्या शतकात मीठ, तेल, कापड, बियाणे आणि कर्जही तिथेच मिळे. व्यवहार आधी रोजकिर्दीत मितीवार चढे, मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. लिपी मोडी, लेखणी बोरूची. रक्कम रुपये-आणे-पैत, माल मण-शेरांत. पेशव्यांच्या दप्तरातही रोजकीर्दी आहेत. दरबार आणि दुकान यांची हिशेबाची भाषा एकच होती.

शिस्त चोख होती, पण वही एकाच्याच ताब्यात. मुद्दल किती, व्याज किती, सुगीला घातलेले धान्य कोणत्या भावाने जमा धरले, हे कुळाला, म्हणजे कर्जदार शेतकऱ्याला, वाचताच येत नसे. सावकार कोर्टात गेला की बहुतेक दावे एकतर्फी निकाली निघत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा याबद्दलचा राग फुटला आणि पुणे-नगर भागात पसरला. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. त्यांनी कर्जरोखे शोधून जाळले.

१८७९ च्या शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत कुळाला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. वाण्याच्या वहीचा जोडकागद प्रथमच कुळाच्या हक्काचा झाला. कोल्हापूर संस्थान या कायद्याबाहेर होते; तिथे शेतकऱ्याच्या हातात कागद आला तो बाजारपेठेतून.

मिरजेहून रेल्वे १८९१ मध्ये कोल्हापुरात आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. अडत्याकडे कीर्द-खतावणी राहिली, शेतकऱ्याच्या हातात पट्टी आली: रवे किती, वजन किती, भाव काय, अडत, हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा जाता उरले काय.

पण पट्टी वाचता आली तरच ती कामाची. पेठ वसवणाऱ्या याच राजाने १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. वहीच्या इतिहासात मी या निर्णयाला १८७९ च्या कायद्याहून मोठे मानतो. कायद्याने कुळाला कागद दिला. शाळेने त्या कागदावरचा आकडा पडताळून ‘हे चुकलंय’ म्हणण्याचे बळ दिले. हिशेब खरा राहतो तो या बळावर.