फ्लॉपीची वाढविलेली धारणक्षमता आणि देवनागरी मजकूर

ताम्रपटाच्या मधल्या पत्र्यांची दोन्ही अंगे लेखाने भरण्याची जुनी रीत होती. लेखनाचे साधन मोलाचे असले म्हणजे त्याची एकही बाजू रिकामी ठेवावीशी वाटत नाही. फ्लॉपी चकतीच्या अल्प इतिहासातही हीच प्रवृत्ती दिसून येते.

सव्वापाच इंची फ्लॉपी १९७६ मध्ये प्रचारात आली. तिच्या वेष्टनाच्या कडेला एक खाच असे. खाच उघडी असेल तरच यंत्र चकतीवर लिही. एकाच बाजूच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ चकत्यांच्या दुसऱ्या बाजूसही चुंबकीय लेप असे, मात्र तिची तपासणी झालेली नसे. समोरच्या कडेला तशीच दुसरी खाच कापून चकती उलटी घातली, की ॲपल २ सारख्या संगणकावर क्षमता दुप्पट होई.

साडेतीन इंची चकतीची गोष्ट निराळी. ८० वर्तुळे, दोन बाजू, दर वर्तुळात ९ खंड आणि दर खंडात ५१२ बाइट या हिशेबाने साध्या चकतीवर ७,३७,२८० बाइट मावत. १९८७ पासून रूढ झालेल्या उच्च घनतेच्या चकतीत खंड १८ झाले व क्षमता १४,७४,५६० बाइट झाली. यंत्र ही चकती कोपऱ्यातील छिद्रावरून ओळखी. तेव्हा साध्या चकतीला तसेच छिद्र पाडून यंत्राची समजूत पालटण्याची युक्ती निघाली. परंतु छिद्राने लेपाचा गुण पालटत नाही. दाट लेखन धरून ठेवण्यास तो लेप असमर्थ असल्याने कालांतराने मजकूर पुसट होण्याचा धोका राही.

याच सुमारास देवनागरीने काटकसरीचा दुसरा मार्ग दाखविला. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाण संकेतात प्रत्येक वर्णचिन्हास एक बाइट पुरे. ‘जासई’ या ग्रामनामात ज, काना, स आणि ई अशी चार चिन्हे आहेत. ‘इस्की’त त्यांना ४ बाइट लागतात, तर युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात १२. म्हणजे साध्या चकतीवर ‘इस्की’त मावणारा देवनागरी मजकूर यूटीएफ-८ मध्ये उच्च घनतेच्या चकतीवरही मावणार नाही. येथे बचत साधनावर बळजबरी न करता संकेताच्या रचनेतून साधली होती.

हा विचार केवळ कुतूहलाचा नाही. जुन्या फ्लॉपीवरील बोलींचे नमुने अथवा शब्दसूचीच्या टाचणांचा मजकूर वाचू पाहणाऱ्या संशोधकाने प्रथम वेष्टन न्याहाळावे. दोन्ही कडांना खाच असेल, तर दुसऱ्या बाजूसही मजकूर असण्याचा संभव धरावा. हाताने पाडलेले छिद्र दिसल्यास ते बुजवू नये. तसे केल्यास यंत्र दाट लेखनास साधे समजेल व मजकूर वाचता येणार नाही. अशा चकतीचे पुनर्आकारण तर मुळीच करू नये. त्याने उरलासुरला मजकूरही नष्ट होईल. त्यानंतर संकेत कोणता, हे ठरवावे. हस्तलिखिताच्या अभ्यासात कागद, शाई व लिपी यांची परीक्षा पाठनिश्चितीच्या आधी येते. चुंबकीय लेखासही तोच क्रम लागू आहे.