प्रतिकृती विमानांच्या लघु पेट्रोल इंजिनातील इंधनपुरवठ्याचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

मराठीत विमानविद्येच्या इतिहासाची चर्चा बहुधा शिवकर बापूजी तळपदे यांच्या नावाशी सुरू होऊन तेथेच संपते. टाकीतील पेट्रोल इंजिनापर्यंत कसे पोहोचते, हा प्रश्न त्या चर्चेत येत नाही. प्रतिकृती विमानांपुरते त्याचे उत्तर विमानविद्येतून नव्हे, तर लाकूडतोडीच्या यंत्रातून आले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक आढावा :

१९०१ साली अमेरिकेत सॅम्युएल लँगली यांची एक-चतुर्थांश आकाराची मानवरहित प्रतिकृती पेट्रोल इंजिनावर उडाली. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात आजच्या अर्थाने कार्बोरेटर नव्हता. वरच्या टाकीतून पेट्रोल उताराने इंजिनाकडे येई. १९३४ च्या सुमारास आलेल्या ‘ब्राऊन ज्युनियर’ या सुमारे १० घन सेंटिमीटरच्या इंजिनामुळे अशा प्रतिकृती हौशी मंडळींच्या आटोक्यात आल्या आणि खरी अडचण तेथूनच सुरू झाली.

या इंजिनांत पंप नसे. आत शिरणाऱ्या हवेच्या ओढीने पेट्रोल नळीतून येई व निडल व्हॉल्व्हने त्याचे प्रमाण ठरे. जमिनीवर नीट बसवलेले हे प्रमाण हवेत टिकत नसे. विमानाचे नाक वर होताच टाकी इंजिनाच्या खाली जाई, ओढ अपुरी पडे, मिश्रणातील पेट्रोल कमी होई आणि इंजिन बंद पडे. कंपनाने पेट्रोलला फेस येई, तो निराळाच. अधिक शक्तीसाठी हवेचा मार्ग रुंद करावा, तर ओढ आणखी घटे. शक्ती आणि पुरवठा यांचे असे हाडवैर होते.

१९५० मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा मुंबई व कलकत्ता येथे सुरू झाली. छात्रांना परिचित असलेल्या, तारेच्या आधाराने वर्तुळात फिरणाऱ्या विमानांत इंधन कोणतेही असो, ते केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेरच्या बाजूस लोटले जाते. म्हणून टाकीतील नळीचे तोंड बाहेरच्या भिंतीलगत ठेवावे लागते. पदार्थविज्ञानाच्या तासाला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

दरम्यान साखळी-करवतीसाठी डायफ्राम कार्बोरेटर वापरात आला होता. करवत आडवी, उभी, उलटी कशीही धरली तरी चालली पाहिजे, ही लाकूडतोड्याची गरज. इंजिनाच्या पोटातील दाबाच्या चढउतारावर एक पातळ पडदा हलतो व पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा बाहेरील हवेच्या दाबाशी ताडून त्याचे माप ठरवतो. पुढे मोठ्या प्रतिकृतींसाठी हौशी मंडळींनी अशीच इंजिने स्वीकारली. अर्थात, येथेही नवी खोड निघाली : इंजिनावरील आवरणात शिरणारा वारा दुसऱ्या पडद्याच्या छिद्रावर दाब देतो आणि माप चुकते.

स्थानिक संदर्भ :

अहमदपूर परिसरातील शेतकऱ्यास परिचित असलेल्या टू-स्ट्रोक ग्रास कटरमध्येही बहुधा हाच कार्बोरेटर असतो. हंगामानंतर टाकीत तसेच राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर साचतो, बारीक जाळी तुंबते, डायफ्राम कडक होतो. भारताने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या धाटणीच्या रबरी भागांना अपाय करते, म्हणून हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. ‘इंजिन बसले’ असा निर्वाळा मिळालेल्या यंत्रात पिस्टन शाबूत आणि केवळ डायफ्राम निकामी, असे असू शकते. सिलिंडर उघडण्यापूर्वी नळी, जाळी व डायफ्राम या क्रमाने तपासणी केल्यास शेतकऱ्याचा खर्च वाचतो.