टू-स्ट्रोक ट्रायल्स मोटारसायकलची देखभाल

टू-स्ट्रोक ट्रायल्स मोटारसायकल ही मोटारसायकल ट्रायल्स या क्रीडाप्रकारासाठी बनवलेली, दोन धावांच्या (टू-स्ट्रोक) इंजिनावर चालणारी हलकी मोटारसायकल आहे. तिच्या इंजिनात झडपांची गुंतागुंत नसते आणि सुटे भाग कमी असतात. त्यामुळे तिची बहुतेक देखभाल व अनेक बदल मालक स्वतः घरच्या शेडमध्ये साध्या हत्यारांनी करू शकतो. शर्यतीच्या मोटारसायकलीत बदल करताना सामान्यतः अधिक शक्ती आणि अधिक वेग हे उद्दिष्ट असते. ट्रायल्समध्ये ते नेमके उलट असते. इंजिन अगदी मंद गतीत, न अडखळता आणि बंद न पडता चालावे, यासाठी सारी खटपट केली जाते.

क्रीडाप्रकार आणि गाडीची गरज

ट्रायल्स ही वेगाची शर्यत नसून तोल आणि नियंत्रणाची परीक्षा असते. दगडधोंडे, ओढे, चिखल, झाडांची मुळे आणि तीव्र चढ यांतून आखलेल्या छोट्या टप्प्यांतून स्वार गाडी नेतो. पाय जमिनीला एकदा टेकल्यास १, दोनदा टेकल्यास २ आणि त्याहून अधिक वेळा टेकल्यास ३ दंडगुण मिळतात. टप्पा पार न झाल्यास ५ दंडगुण मिळतात. सर्वांत कमी दंडगुण मिळवणारा स्वार विजयी ठरतो.

टप्प्यात गाडीचा वेग पुष्कळदा चालणाऱ्या माणसाइतका किंवा त्याहूनही कमी असतो. अशा वेळी इंजिन क्षणभर अडखळले, क्लच पूर्ण सुटला नाही किंवा मागचे चाक घसरले, तर पाय टेकावाच लागतो. साध्या रस्त्यावर जाणवणारही नाही असा किरकोळ दोष येथे थेट दंडगुणांत उमटतो. मोठ्या दगडावर चढताना इंजिन बंद पडले, तर स्वार गाडीसह मागे कोसळू शकतो. म्हणून देखभालीचा संबंध खेळातील यशाइतकाच स्वाराच्या सुरक्षिततेशी आहे.

इतिहास

हा क्रीडाप्रकार ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी रुजला. स्कॉटलंडमधील ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ या स्पर्धेची परंपरा १९०९ पासून, तर यॉर्कशरमधील ‘स्कॉट ट्रायल’ची १९१४ पासून सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात एरियल, बीएसए, मॅचलेस यांच्या वजनदार फोर-स्ट्रोक गाड्यांचे या खेळावर वर्चस्व होते.

हे चित्र पालटण्यास स्पेनमधील बुल्टाको कंपनी कारणीभूत ठरली. माँटेसा कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस्को बुल्टो यांनी तेथून बाहेर पडून १९५८ मध्ये बुल्टाकोची स्थापना केली. १९६४ मध्ये त्यांनी बेलफास्टचे स्वार सॅमी मिलर यांना करारबद्ध केले. मिलर यांनी कंपनीकडे असलेल्या भागांची जुळवाजुळव करत आणि प्रत्यक्ष चालवून पाहत २४४ घन सेंटिमीटर क्षमतेची ‘शेर्पा टी’ घडवली. याच गाडीवर त्यांनी १९६५ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. त्या स्पर्धेतील टू-स्ट्रोक गाडीचा हा पहिला विजय होता. त्यानंतर माँटेसा कोटा, ओसा एमएआर, यामाहा टीवाय अशा टू-स्ट्रोक गाड्या आल्या. १९७५ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झाले आणि त्याची पहिली पाच विजेतेपदे बुल्टाकोवरील स्वारांनी पटकावली. मार्टिन लॅम्पकिन हे पहिले विजेते होते.

फोर-स्ट्रोक गाड्या मात्र पूर्णपणे मागे पडल्या नाहीत. बेल्जियमचे एडी लेज्यून यांनी १९८२ ते १९८४ अशी सलग तीन वर्षे होंडाच्या फोर-स्ट्रोक गाडीवर जागतिक अजिंक्यपद मिळवले. २००७ पासून स्पेनचे टोनी बाऊ यांनीही माँटेसाच्या फोर-स्ट्रोक गाडीवर अजिंक्यपदांची मालिका उभी केली. तरीही कमी वजन, साधी रचना आणि स्वस्त दुरुस्ती यांमुळे हौशी स्वारांत टू-स्ट्रोक गाड्या लोकप्रिय राहिल्या आहेत.

इंधन आणि वंगण

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि तेथून सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे क्रँकशाफ्टच्या बेअरिंगसाठी वंगणाचा वेगळा साठा ठेवता येत नाही आणि तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. महाराष्ट्रात लुना किंवा जुनी चेतक स्कूटर वापरलेल्या पिढीला पेट्रोल पंपावर ‘ऑइल टाकून’ पेट्रोल घेण्याची पद्धत परिचित आहे. तिच्यामागचे कारण हेच होते.

१९६०–७० च्या दशकांतील गाड्यांसाठी खनिज तेलाचे प्रमाण साधारण २० ते २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल असे असे. आधुनिक कृत्रिम तेलांमुळे ते ५०:१ ते ८०:१ पर्यंत खाली आले आहे. म्हणजे १ लिटर पेट्रोलमध्ये २० ते १२.५ मिलिलिटर तेल पुरते. नेमके प्रमाण गाडीच्या माहितीपुस्तिकेनुसार ठेवावे लागते. तेल कमी पडल्यास पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होण्याचा धोका असतो. तेल फार झाल्यास प्लग व सायलेन्सर काजळीने भरतात. ‘जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता’ हा समज अपुरा आहे. तेल वाढले की त्याच जेटमधून जाणारे पेट्रोल तितके कमी होते, मिश्रण किंचित विरळ होते आणि विरळ मिश्रण इंजिन अधिक तापवते.

हवेचा फिल्टर आणि कार्बोरेटर

फोमचा हवा-फिल्टर हा इंजिनाच्या आयुष्याचा सर्वांत स्वस्त विमा मानला जातो. फिल्टरमधून किंवा त्यापुढच्या तडकलेल्या रबरी नळीतून शिरलेली धूळ तेलात मिसळते आणि पिस्टन, रिंग व बेअरिंग घासून काढते. फिल्टर साबणाच्या पाण्याने किंवा त्यासाठीच्या द्रावणाने धुऊन पूर्ण वाळवतात. त्यानंतर फिल्टरचे तेल लावून तो पिळून बसवतात. पेट्रोलने फोमचे सांधे उकलू शकतात आणि आगीचाही धोका असतो, म्हणून ते टाळतात. फिल्टर पिळताना पीळ न देता मुठीत दाबला जातो, नाहीतर फोम फाटतो.

ट्रायल्समध्ये थ्रॉटल क्वचितच पूर्ण उघडतो. त्यामुळे कार्बोरेटरमध्ये मुख्य जेटपेक्षा मंद चालीचा छोटा जेट, त्याचा स्क्रू आणि सुईची उंची यांना महत्त्व असते. गाडी काही आठवडे उभी राहिली की फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उडून चिकट थर उरतो आणि हा बारीक जेट प्रथम बुजतो. गाडी थंड असताना सुरू होते पण मंद चालीत टिकत नाही, या तक्रारीचे हे नेहमीचे कारण आहे. जेट द्रावणाने धुऊन दाबाच्या हवेने साफ करतात. तार घातल्यास भोक मोठे होऊन मिश्रण बिघडते. गाडी उभी ठेवण्यापूर्वी वाटी रिकामी केल्यास हा त्रास टळतो.

मिश्रण जुळवण्याचे काम इंजिन पूर्ण तापल्यावरच केले जाते. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच खाली येत नसेल, तर मिश्रण विरळ असण्याची शक्यता असते. इंजिन जड, अडखळत व धूर सोडत चालत असेल आणि प्लग काळा-ओला निघत असेल, तर ते समृद्ध असते. स्क्रू हवेचा असल्यास तो आत फिरवल्यावर मिश्रण समृद्ध होते. काही कार्बोरेटरांत तो इंधनाचा असतो आणि परिणाम उलट होतो. म्हणून आधी स्क्रूचा प्रकार ओळखावा लागतो.

पिस्टन, रीड झडप आणि तेल-सील

पिस्टनचा माथा, सिलिंडर हेड आणि धुराचे द्वार यांवर साचलेली काजळी लाकडाच्या किंवा मऊ धातूच्या पट्टीने खरवडून काढतात. रिंगच्या टोकांमधील फट फीलर गेजने मोजून माहितीपुस्तिकेतील मर्यादेशी ताडतात. जुन्या गाड्यांतील बिडाच्या आवरणाचा सिलिंडर झिजल्यास बोअर करून मोठा पिस्टन घालता येतो. आधुनिक गाड्यांत ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण लेप असतो. तो घरी घासणे हानिकारक ठरते. लेप खराब झाल्यास सिलिंडर पुन्हा मुलामा देण्यासाठी पाठवावा लागतो.

रीड झडप असलेल्या गाडीत तिच्या पातळ पाकळ्यांचे कोपरे तुटले किंवा त्या नीट बसेनाशा झाल्या, तर गाडी सुरू होण्यास आणि मंद चालीत टिकण्यास त्रास होतो.

क्रँकशाफ्टच्या दोन टोकांवरील तेल-सील बाहेरून दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. फ्लायव्हीलच्या बाजूचा सील गेल्यास बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण विरळ होते आणि पिस्टन जाम होऊ शकतो. क्लचच्या बाजूचा सील गेल्यास गिअरबॉक्समधील तेल इंजिनात ओढले जाऊन जळते, दाट पांढरा धूर निघतो आणि गिअरबॉक्समधील तेलाची पातळी घटत जाते. कार्बोरेटर वारंवार जुळवूनही मंद चाल स्थिर होत नसेल, तर दोष बहुधा येथे असतो. खात्रीसाठी हवा येण्या-जाण्याचे मार्ग बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे ०.४ बार दाबाची हवा भरतात. हा दाब काही मिनिटे टिकला पाहिजे. तो उतरत असल्यास साबणाच्या फेसाने गळतीची जागा शोधतात.

क्लच आणि गिअरबॉक्स

ट्रायल्सचा स्वार क्लचचा वापर जवळजवळ सतत करतो. दीर्घकाळ उभ्या गाडीत क्लचच्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि गिअर टाकताच गाडी पुढे झेपावते. म्हणून अशी गाडी सुरू करण्यापूर्वी गिअरमध्ये ठेवून, क्लच दाबून मागेपुढे हलवली जाते. गिअरबॉक्स व क्लच एकाच तेलात चालतात. मोटारींसाठीच्या काही तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू लागतो, म्हणून तेल माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच घालतात.

द्रवचलित क्लच असल्यास त्यातील द्रवाचा प्रकार पाहणे आवश्यक असते. काही गाड्यांत खनिज तेल, तर काहींत डॉट ४ ब्रेक-द्रव वापरतात. चुकीचा द्रव घातल्यास रबरी सील फुगून निकामी होतात.

चाके, ब्रेक आणि साखळी

ट्रायल्सचे टायर अत्यंत कमी दाबावर चालवतात. पुढे सुमारे ०.३५ ते ०.४ बार, तर मागे सुमारे ०.२५ ते ०.३५ बार दाब ठेवतात. यामुळे टायर दगडावर पसरून पकड घेतो. इतका कमी दाब साध्या गेजवर नीट वाचता येत नाही, त्यासाठी कमी दाबाचा वेगळा गेज लागतो. या दाबावर रस्त्याने वेगात जाणे धोक्याचे असते.

साखळीचा ढिलेपणा तपासताना सस्पेन्शन दाबून पुढचे स्प्रॉकेट, मागच्या फोर्कचा खिळा आणि मागच्या चाकाचा आस एका रेषेत आणतात, कारण याच स्थितीत साखळी सर्वांत ताठ असते. साखळीवरचे तेल डिस्कवर उडाल्यास ब्रेकची पकड जाते. मागील सस्पेन्शनच्या जोडांतील बेअरिंग ओढ्याच्या पाण्याने गंजतात, म्हणून ती वेळोवेळी उघडून ग्रीस भरतात.

घरगुती बदल

ट्रायल्स गाडीतील बहुतेक उपयुक्त बदल इंजिनाचा स्वभाव सौम्य करण्यासाठी असतात.

फ्लायव्हीलला वजन जोडणे: फिरते वस्तुमान वाढल्याने इंजिन मंद गतीत सहज बंद पडत नाही आणि निसरड्या जमिनीवर चाक एकदम फिरत नाही. त्याच्या बदल्यात उंच पायरीवर उडी घेण्यासाठी लागणारी तत्परता कमी होते.

संपीडन कमी करणे: सिलिंडर हेडमधील भाग बदलून हे साधता येते. सिलिंडरखाली जाड पॅकिंग घातल्यासही संपीडन कमी होते, परंतु तसे करताना द्वारे उघडण्याच्या वेळाही बदलतात.

थ्रॉटलची नळी बदलणे: मूठ तितकीच फिरवूनही थ्रॉटल कमी उघडेल अशी नळी नवशिक्यांना उपयोगी पडते. हा बदल स्वस्त असून तो सहज पूर्ववत करता येतो.

पुढचे स्प्रॉकेट लहान करणे: एक दात कमी केल्याने गाडी प्रत्येक गिअरमध्ये अधिक हळू चालते.

पायदाने हलवणे: जुन्या गाड्यांत ती खाली व मागे घेतल्याने उभ्याने चालवताना तोल सुधारतो.

एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवणे महत्त्वाचे असते. अनेक बदल एकदम केल्यास कशाचा परिणाम काय झाला, हे कळत नाही. बिघडलेली गाडी बदलांनी सुधारत नाही. वाहणारा सील किंवा झिजलेली रिंग तशीच ठेवून फ्लायव्हील जड केल्यास मूळ दोष केवळ झाकला जातो.

जुन्या गाड्या आणि मूळ स्वरूपाचा प्रश्न

ब्रिटनमध्ये १९६५ पूर्वीच्या गाड्यांसाठी आणि मागे दोन शॉकॲब्सॉर्बर असलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र स्पर्धा व गट आहेत. जर्मन डीकेडब्ल्यू आरटी १२५ या गाडीवर बेतलेली बीएसए बँटम ही छोटी टू-स्ट्रोक गाडी पहिल्या गटात लोकप्रिय आहे. मात्र नव्या चौकटी, आधुनिक पुढचे फोर्क आणि इलेक्ट्रॉनिक ज्वलनयंत्रणा बसवत गेल्यावर मूळ गाडीचे नेमके काय उरले, हा वादाचा विषय ठरला आहे. एका पक्षाच्या मते शेर्पा टीदेखील अशाच जुळवाजुळवीतून जन्मली, तेव्हा बदल हीच या खेळाची परंपरा आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते कापलेली मूळ चौकट पुन्हा मिळत नाही. त्यामुळे अनेक मालक जुळणीने बसणारे आणि पुन्हा काढता येणारे बदलच करतात व काढलेले मूळ भाग जपून ठेवतात.

सुरक्षितता

बंद खोलीत इंजिन चालवल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्यामुळे जुळवणीचे काम उघड्यावर केले जाते. पेट्रोलचे काम ज्योत व ठिणगीपासून दूर करतात. ॲल्युमिनियममधील आटे सहज निघतात, म्हणून बोल्ट टॉर्क पान्याने आवळतात. स्वाराच्या मनगटाला दोरीने बांधलेला, पडताच इंजिन बंद करणारा स्विच प्रत्येक वेळी तपासणे आवश्यक मानले जाते. गाडी हातातून सुटल्यावर इंजिन थांबवण्याचा तोच भरवशाचा उपाय असतो.