लढाई पुकारायची कोणी?

लढाईवर मुलगा धाडायचा तो शेतकऱ्याने, आणि लढाई पुकारायची ती राजधानीत बसलेल्यांनी. मग त्या शेतकऱ्याला आधी विचारायला नको का? अमेरिकेत इंडियाना राज्यातून निवडून आलेल्या लुई लडलो या प्रतिनिधीने १९३५ साली हा प्रश्न थेट घटनादुरुस्तीच्या रूपाने मांडला. देशावर आक्रमण झाले तर गोष्ट वेगळी. एरवी काँग्रेसने युद्ध पुकारले तरी देशभर मतदान घ्यावे, आणि बहुमत मिळाले तरच लढावे. (काँग्रेस म्हणजे तिथली संसद, आपल्याकडचा पक्ष नव्हे बरं का!)

पहिल्या महायुद्धात अमेरिकेची लाखावर माणसे कामास आली होती. दारूगोळ्याच्या व्यापाऱ्यांनी त्यात किती नफा उकळला, याची चौकशी सिनेटर नाय यांची समिती १९३४ पासून करीत होती. लोकांचे मन विटले होते. गॅलप यांच्या संस्थेने १९३७ साली कौल घेतला, तेव्हा दहांपैकी सुमारे सातजण लडलोच्या बाजूचे निघाले.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला जपानी विमानांनी चीनच्या यांगत्से नदीत ‘पनाय’ ही अमेरिकन गनबोट बुडवली. आता तुम्ही म्हणाल, लोक खवळले असतील. छे! ‘आपली बोट तिथे गेलीच कशाला?’ असे विचारणारेच पुष्कळ. ठराव सभागृहापुढे आणायला लागणाऱ्या २१८ सह्या त्यानंतर लगोलग भरल्या.

अध्यक्ष रूझवेल्ट धास्तावले. अशाने कोणत्याही अध्यक्षाचे हात बांधले जातील आणि दांडगी राष्ट्रे सोकावतील, असे त्यांनी पत्राने कळवले. १० जानेवारी १९३८ रोजी ठराव चर्चेला घ्यावा की नाही, एवढ्यावरच मतदान झाले. बाजूने १८८, विरुद्ध २०९. अकराजण इकडचे तिकडे होते, तर चर्चा झाली असती.

रूझवेल्टांचे म्हणणे मला पटते. युरोपात हिटलर माजला असताना मतपेट्या मोजत बसणे परवडले नसते. पण म्हणून लडलोचा प्रश्न खोटा ठरत नाही. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर ८ डिसेंबर १९४१ रोजी प्रतिनिधिगृहाने ३८८ विरुद्ध १ मताने युद्ध पुकारले. ते एकटे मत जनेट रँकिन या बाईंचे. १९१७ सालीही त्यांनी युद्धाविरुद्धच मत दिले होते.

१९४२ नंतर मात्र काँग्रेसने रीतसर युद्ध एकदाही पुकारलेले नाही. व्हिएतनामसाठी ऑगस्ट १९६४ मध्ये अध्यक्षांना मोकळीक देणारा ठराव झाला, तो प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० मतांनी. चार वर्षांनी गॅलपच्या लोकांनी पुन्हा विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक अमेरिकन म्हणाले, ‘तिथे सैन्य धाडले ही चूक झाली.’ ते सैन्य परत यायला १९७३ साल उजाडले.