नांदूर मधमेश्वरच्या काठावर बांधायचं तर परवानगी कुणाची? थोडा इतिहास

मंडळी, नांदूर मधमेश्वरचं पाणी पक्ष्यांसाठी अडवलेलं नाही. इंग्रजांच्या काळात, १९११ च्या सुमारास, गोदावरी-कादवा संगमापाशी दगडी बंधारा झाला तो कालव्यांसाठी. त्या पाण्यावर खाली कोपरगाव-राहात्याकडचा ऊस उभा राहिला. पुढं बंधारा गाळानं भरत गेला, उथळ पाण्यात बेटं झाली, पाणकणीस माजलं आणि पक्षी आले. पाटबंधारेवाल्यांचं नुकसान ते बदकांचं घर! १९८६ ला अभयारण्य झालं. २०२० च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून नाव जाहीर झालं.

गंमत बघा. २०१७ चे पाणथळ नियम सिंचनासाठी बांधलेल्या पाण्याला पाणथळ धरतच नाहीत. रामसर जागा त्यांनी नियमांत घेतल्या, पण अभयारण्यातल्या परत वगळल्या, तिथं वन्यजीव कायदा आहेच म्हणून.

आपला प्रश्न मात्र हद्दीबाहेरच्या पट्ट्याचा. २००२ ला दिल्लीत ठरलं, अभयारण्याभोवती १० किलोमीटर संवेदनशील क्षेत्र करा. बऱ्याच राज्यांनी प्रस्तावच लवकर पाठवले नाहीत. २०११ ला केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि माझ्या मते त्या शहाण्या होत्या. कामांचे तीन गट केले. खाणी, प्रदूषण करणारे कारखाने बंद. हॉटेल-रिसॉर्टवर नियंत्रण. चालू शेती-फळबाग आणि पावसाचं पाणी साठवणं खुलं. म्हणजे कांदा लावणारा आणि रिसॉर्टवाला एका मापात मोजलेला नव्हता.

३ जून २०२२ ला ते माप एक झालं. सर्वोच्च न्यायालयाने देशभर किमान एक किलोमीटरचा पट्टा सांगितला आणि त्यात नवं पक्कं बांधकाम कसलंच नको म्हणून सांगितलं. शेतातलं घर काय, कांदाचाळ काय, सगळंच अडकलं. हेतू चांगला असेल, पण काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला हे कसं पटावं? केंद्र आणि काही राज्यं परत कोर्टात गेली. २६ एप्रिल २०२३ ला कोर्टाने आदेश बदलला. शेतकऱ्याला घर बांधायचं किंवा नीट करायचं तरी वनखात्याच्या वरिष्ठांची परवानगी लागेल, गावाची शाळा-दवाखानाही अडेल, हे निकालातच आलं. खाणबंदी मात्र कायम ठेवली. ते बरोबरच.

मोठ्या बांधकामाचं प्रकरण वेगळं. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढं पर्यावरण मंजुरी लागते. आपल्या चाळीचा त्याच्याशी संबंध नाही, कुणी तसं सांगून पैसे मागितले तर देऊ नका. संवेदनशील क्षेत्राच्या प्रत्येक अधिसूचनेत गावांची यादी, नकाशा आणि त्या तीन गटांचा तक्ता असतो. मसुदा निघाला की हरकतीला ६० दिवस मिळतात. ग्रामसभेत तो तक्ता मोठ्यानं वाचायला लावा, ठराव करा आणि मुदतीत पाठवा.