दहा तासांचा दिवस

इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला गणिताच्या पेपरात मी एक अख्खं गणित घालवलं होतं. रीत बरोबर, पायऱ्या बरोबर, उत्तर साफ चूक. बाहेर आल्यावर कळलं की कॅल्क्युलेटर 'डिग्री'ऐवजी 'ग्रॅड'वर होता. साईन ३० म्हणजे ०.५ यायला हवं, तर पठ्ठ्या ०.४५४ दाखवत होता. तेव्हा त्या ग्रॅडला मनसोक्त शिव्या घातल्या. पण हे भूत तिथे कुणी आणि कशाला घालून ठेवलंय, हा प्रश्न डोक्यात राहिलाच. मागच्या शनिवारी उत्तर शोधायला बसलो आणि थेट फ्रेंच राज्यक्रांतीत जाऊन पोचलो!

तर गोष्ट अशी. क्रांतीच्या आधी फ्रान्समधे वजनं-मापं गावागणिक वेगळी. नाव तेच, पण या गावचा पौंड त्या गावात चालेलच असं नाही. मग ठरलं की सगळं दहाच्या पटीत करायचं आणि मूळ माप पृथ्वीवरूनच घ्यायचं. उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. ते मोजायला १७९२ मधे देलांब्र आणि मेशें हे दोन शास्त्रज्ञ निघाले. डंकर्क ते बार्सिलोना एवढ्या पट्ट्याच्या मोजणीत त्यांची सहा वर्षं गेली.

आता ग्रॅड. काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग केले की एक भाग म्हणजे एक ग्रॅड. ध्रुव ते विषुववृत्त १०,००० किलोमीटर. म्हणजे अक्षांशाचा एक ग्रॅड १०० किलोमीटर, आणि त्याचा शंभरावा भाग बरोब्बर १ किलोमीटर! हे लक्षात आल्यावर मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. खलाशांचा सागरी मैलसुद्धा असाच, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. (१९२९ मधे तो १८५२ मीटर असा पक्का झाला.) म्हणजे आपण रोज वापरतो तो किलोमीटर हा मुळात दशमान सागरी मैल आहे. नकाशावर कोन वाचा, अंतर आपोआप कळेल. काय सुंदर डिझाईन आहे ना?

एवढं केल्यावर घड्याळ कसं सुटेल? २४ नोव्हेंबर १७९३ चा हुकूम सांगतो: दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटं, मिनिटाचे १०० सेकंद. दिवसाला ८६,४०० ऐवजी १,००,००० सेकंद. दुपारच्या बाराला पाच वाजायचे. नवा एक तास म्हणजे आपले २ तास २४ मिनिटं. सोबत नव्या कॅलेंडरात आठवडाही दहा दिवसांचा, सुट्टी दहाव्या दिवशी! आपल्यासारख्या वीकेंडवर जगणाऱ्यांनी नुसती कल्पना करून बघावी.

२२ सप्टेंबर १७९४ ला घड्याळाची सक्ती झाली आणि ७ एप्रिल १७९५ ला ते बेमुदत स्थगित झालं. गंमत म्हणजे मीटर, लिटर, ग्रॅम ही नावं ज्या कायद्याने पक्की केली, त्याच कायद्याने घड्याळ गुंडाळलं. एक पास, एक नापास, आणि निकाल एकाच कागदावर.

असं का व्हावं? लोक अडाणी होते म्हणून? मला नाही वाटत. गावोगावच्या वेगवेगळ्या मापांमुळे लोक खरंच गांजले होते. मीटरने ते दुखणं कमी होणार होतं. तास मात्र आधीपासूनच सगळीकडे चोवीसच. म्हणजे नव्या घड्याळाने कुणाचंच दुखणं बरं होणार नव्हतं, फक्त असलेली सगळी घड्याळं निकामी होणार होती. शिवाय ६० ला २, ३, ४, ५, ६ सगळ्यांनी भाग जातो. आपल्याकडेही दिवसाच्या ६० घटका आणि घटकेची ६० पळं होतीच की.

तरी वाद मिटला नाही. १८९७ मधे फ्रान्सने पुन्हा एक समिती नेमली. सचिव कोण, तर प्रख्यात गणिती आन्री प्वाँकारे! या वेळी तडजोड होती: तास २४ च ठेवा, पण तासाची मिनिटं १०० आणि वर्तुळाचे भाग ४००. अडचण बघा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यावरच रेखांश काढतात. ४०० भाग केले तर तोच आकडा १६.६६६... होतो. विजेची मापं जुन्या सेकंदावर बांधलेली, सागरी नकाशे ३६० अंशांचे. तडजोडीने कुणाचंच समाधान झालं नाही आणि १९०० मधे तो बेत सोडून दिला.

मग सुधारणा कधीच टिकत नाहीत का? टिकतात की. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे सोळा आण्यांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. आणा तर देशभर सारखाच होता. पण नाणी पाडणं सरकारच्या हातात होतं, रुपया होता तिथेच राहिला, आणि रुपये-आणे-पैच्या बेरजांचा जाच सगळ्यांनाच होता. आजी मात्र पुढेही पंचवीस पैशांना चार आणेच म्हणायची.

हे सगळं वाचताना मला उगाच गप्प व्हायला झालं. गेल्या वर्षी आमच्या टीममधे मी तारखा साठवायची जुनी पद्धत बदलायचा प्रस्ताव मांडला होता. माझी रचना खरंच सुबक होती. एका सीनियरने एवढंच विचारलं, "आत्ता कुणाचं अडलंय?" प्रस्ताव बारगळला आणि मी आठवडाभर (सात दिवसांचा!) फुगून बसलो. आता वाटतं, माझा प्रस्ताव मीटर नव्हता, दहा तासांचं घड्याळ होतं.

असो. ग्रॅड मात्र पूर्ण मेला नाही. युरोपातल्या काही देशांत जमीन मोजणारे तो अजून वापरतात, म्हणून कॅल्क्युलेटरवर त्याची जागा टिकून आहे. परीक्षेला जाणाऱ्यांनो, पेपर हातात आला की आधी साईन ३० करून बघा. ०.५ आलं तरच पुढे जा.