'हेलिकॉप्टर'ची फोड

'हेलिकॉप्टर' या शब्दाची फोड करायला सांगितली, तर आपण बहुतेक जण 'हेली' अधिक 'कॉप्टर' अशी करू. हेलिपॅड, क्वाडकॉप्टर हे शब्द कानावर असल्याने ती बरोबरही वाटते. पण शब्द घडला तेव्हा त्याचा सांधा तिथे नव्हता.

१८६१ साली गुस्ताव्ह द पोंताँ दामेकूर या फ्रेंच गृहस्थाने हा शब्द तयार केला. त्यासाठी त्याने दोन ग्रीक शब्द घेतले : 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्र आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. तेव्हा खरी फोड 'हेलिको' अधिक 'प्टर' अशी होते. अर्थ, मळसूत्री पंख. स्क्रू फिरत फिरत लाकडात शिरतो, तसे यंत्राने फिरत्या पात्यांच्या जोरावर हवेत चढावे, ही त्यामागची कल्पना. त्याने वाफेवर चालणारी लहान प्रतिकृतीही बनवली, पण ती उडाली नाही. माणसाला घेऊन नीट उडणारी हेलिकॉप्टरे १९३० नंतरच्या दशकात आली. शब्द आधी जन्मला, यंत्र सुमारे पाऊणशे वर्षांनी!

मग सांधा सरकला कसा? इंग्रजीत शब्दाच्या आरंभी 'प्ट' असा उच्चार होत नाही. 'टेरोडॅक्टिल' या शब्दातही आरंभीचा 'प' लिहितात, पण उच्चारत नाहीत. त्यामुळे 'प' मागच्या अक्षराला चिकटला आणि 'कॉप्टर' हा तुकडा तयार झाला. आपल्या देवनागरीत मात्र 'प्ट' हे जोडाक्षर शाबूत आहे.

सांधा कळला की याची भावंडेही ओळखू येतात. पोटातला जंतू हेलिकोबॅक्टर हा मळसूत्री जीवाणू. डिप्टेरा म्हणजे दोन पंखांचे कीटक : माश्या, डास. भाषाशास्त्रज्ञांच्या मते 'प्टेरॉन' आणि संस्कृत 'पत्' धातू यांचे मूळ एकच आहे. 'पत्'चे अर्थ दोन, उडणे आणि पडणे. त्यातूनच पंख या अर्थाचा 'पत्र', आपला 'पतंग' आणि 'पतन'सुद्धा!

'हेलिपॅड' चुकीचा ठरवण्याचे कारण नाही. तो रूढ झाला आहे. पण विज्ञानाच्या तासाला मूळ फोड फळ्यावर जरूर लिहावी. हेलिकॉप्टरचे पाते पंख्यासारखे दिसले, तरी ते खरोखर पंखच आहे. विमानाच्या पंखांवरून पुरेशी हवा वाहण्यासाठी सगळ्या विमानाला धावपट्टीवर धावावे लागते. हेलिकॉप्टर जागेवर राहून नुसते पंखच फिरवते. म्हणून त्याला शाळेचे मैदानही पुरते. 'हे धावपट्टीशिवाय कसे उडते?' या मुलांच्या नेहमीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याच्या नावातच आहे.